कोणतं क्षितिज खरं?

1 जानेवारी 1978, रविवार. रात्री पावणेनऊच्या सुमारास मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग 747 दुबईला निघालं. 1971 साली कंपनीच्या ताफ्यात आलेलं हे तिचं पहिलं जम्बो जेट. आत 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी होते. चारही इंजिनं ठणठणीत होती, हवामानाचीही तक्रार नव्हती. विमान पश्चिमेकडे उडालं, किनारा ओलांडला, ठरल्याप्रमाणे उजवीकडे थोडं वळलं आणि पुन्हा सरळ झालं. मग ते डावीकडे कलू लागलं आणि कलतच गेलं. एक पंख थेट पाण्याकडे, दुसरा आभाळाकडे झाला तरी कलणं थांबेना. शेवटी कल 108 अंशांवर पोचला. जमीन सोडल्यापासून 101 सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर समुद्रात पडलं. 213 जणांपैकी एकही वाचला नाही.

पहिला संशय घातपाताचा होता. पण समुद्र तिथे उथळ असल्यामुळे अवशेष आणि रेकॉर्डर वर काढता आले आणि स्फोटाची खूण कुठेच सापडली नाही. सापडलं ते एवढंच, की कॅप्टनसमोरचं एक उपकरण बिघडलं होतं.

हे उपकरण म्हणजे कृत्रिम क्षितिज; वैमानिक त्याला ‘एडीआय’ म्हणतात. तबकडीत वर निळं आभाळ, खाली गडद जमीन, मधली रेघ हे क्षितिज आणि त्यावर विमानाची छोटी आकृती. जायरोस्कोपच्या जोरावर हे क्षितिज खऱ्या क्षितिजाला समांतर राहतं. विमान किती कललं, नाक किती वर आहे, हे त्यावरून एका नजरेत कळतं. रात्री किंवा ढगात वैमानिकाचं सगळं जग या तबकडीत असतं.

त्या रात्री विमान उजव्या वळणातून सरळ झालं, पण कॅप्टनच्या तबकडीतलं क्षितिज उजव्या कलावरच अडकून राहिलं. त्याला दिसत होतं, की आपण अजून उजवीकडेच झुकलोय. म्हणून त्यानं चाक डावीकडे फिरवलं. तबकडी हलली नाही, म्हणून आणखी फिरवलं. चौकशीत अपघाताचं खापर याच डाव्या हालचालींवर फुटलं: उपकरण बिघडल्यावर विमानाची स्थिती कॅप्टनला अजिबात उमगली नाही आणि बाकीच्या उपकरणांवरून विमान सावरणंही कोणाला जमलं नाही. कायद्याच्या भाषेत ते ठीक असेल. पण मला यातली खरी भीती वेगळी वाटते. त्या माणसाच्या समोर जे क्षितिज होतं, त्याप्रमाणे त्याच्या हातांनी केलेली प्रत्येक हालचाल बरोबर होती.

आणि त्याच वेळी कॉकपिटमध्ये आणखी दोन क्षितिजं होती. एक को-पायलटसमोर, एक मधोमध राखीव. कॅप्टन, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनिअर हे तिघेही अनुभवी होते. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून कळतं, की कॅप्टननं आपल्या उपकरणांना काहीतरी झाल्याचं बोलून दाखवलं. को-पायलटनं आपलंही उलटल्यासारखं सांगितलं. फ्लाइट इंजिनिअरनं शेवटी ‘त्यावर जाऊ नका’ असं बजावलं; बहुधा तो मधल्या तिसऱ्या तबकडीकडे लक्ष वेधत होता. को-पायलटची तबकडी बहुधा बरोबरच दाखवत होती. ती विमान भयानक डावीकडे कललेलं दाखवत होती, कारण विमान खरोखरच तसं कललं होतं. पण सव्वा मिनिटापूर्वी धावपट्टी सोडलेलं प्रवासी विमान असं आडवं असू शकेल, हे कोणाला खरं वाटावं? खरं सांगणारं उपकरणच त्या क्षणी बिघडल्यासारखं दिसत होतं. विमान दीड हजार फुटांच्याही खाली होतं. हाताशी वेळ होता तो चार-पाच सेकंदांचा.

पुढे खटला अमेरिकेत गेला. विमान बनवणारी बोइंग, तबकडी बनवणारी लिअर सिगलर आणि राखीव तबकडीची यंत्रणा बनवणारी कॉलिन्स यांच्यावर निष्काळजीपणाचा आरोप होता. 1985 मध्ये सिएटलच्या न्यायालयानं तो फेटाळला.

यंत्र बंद पडणं ही यातली सोपी बाजू. तबकडी काळी पडली, काटा शून्यावर आला, लाल पट्टी दिसली, की वैमानिक दुसरीकडे बघतो. अवघड तेव्हा होतं जेव्हा यंत्र चालू असतं, उजळलेलं असतं आणि ठामपणे चुकीचं सांगतं. विमानातला बिघाड हाताळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. हवेत कोणी पाना घेऊन काही उघडत नाही. काम असतं ते एवढंच ठरवण्याचं, की आता कोणावर विश्वास ठेवायचा नाही.

मुंबईच्या झगमगाटाशेजारी हे घडावं याचं नवल वाटतं. पण विमानाचं नाक पश्चिमेकडे होतं. दिवे पाठीमागे राहिले होते आणि समोर काळा समुद्र आणि काळं आभाळ, मध्ये रेघ नाही. अशा वेळी शरीर मदत करत नाही, उलट फसवतं. तोल कळतो तो आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमुळे. डोकं फिरलं, की नळीतला द्रव मागे राहतो आणि सूक्ष्म केसांना वाकवतो. मेंदूला वळण कळतं. पण वळण हळूहळू सुरू झालं तर द्रव बरोबरच सरकतो आणि काहीच जाणवत नाही. वळण एकसारखं दहा-वीस सेकंद चाललं, तरी द्रव वेग गाठतो आणि मेंदू म्हणतो, आता आपण सरळ आहोत. त्यातून विमान खरंच सरळ केलं, की उलट्या बाजूला पडल्यासारखं वाटतं. ढगात शिरलेला, उपकरणांचं शिक्षण नसलेला वैमानिक यामुळेच थोड्याच वेळात विमान गमावतो. त्याचं कौशल्य कमी पडत नाही. कान त्याला खात्रीनं खोटं सांगत असतो.

पावसाळ्यात पहाटे बीडहून सोलापूरच्या दिशेनं मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या ट्रकवाल्याला धुक्यात पुढचं दहा फूट दिसत नाही. तोही कान टवकारून, पिवळे दिवे लावून जातो. पण त्याच्या चाकांखाली डांबर असतं. चढ पायाला कळतो, वळण स्टिअरिंगला कळतं, आणि अगदीच काही सुचलं नाही तर ब्रेक दाबून कडेला थांबता येतं. विमानाला कडेला घेता येत नाही. थांबलं की पडतं. म्हणून विमानात जे काही ठरवायचं ते उडता उडताच ठरवावं लागतं.

‘एम्परर अशोक’सारखीच गोष्ट जवळजवळ 22 वर्षांनी पुन्हा घडली, आणि तीही 747 मध्येच. 22 डिसेंबर 1999 च्या संध्याकाळी लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू विमान मिलानला निघालं. कॅप्टनची तबकडी कल दाखवत नव्हती. ही खोड आधीच्या, ताश्कंदहून आलेल्या उड्डाणात लक्षात आली होती, पण स्टॅनस्टेडला झालेल्या दुरुस्तीत खरा दोष तसाच राहिला. उड्डाणानंतर कॅप्टननं डावीकडे वळण घेतलं आणि तबकडी हलत नाही म्हणून कल वाढवतच नेला. दोन्ही तबकड्या जुळत नाहीत हे सांगणारा भोंगा वाजत होता. फ्लाइट इंजिनिअर कल वाढतोय म्हणून ओरडत होता. को-पायलटसमोरची तबकडी बरोबर होती. तो काही बोलला नाही. 55 सेकंदांत विमान जमिनीवर आदळलं, आतले चौघेही गेले.

को-पायलटच्या अशा गप्प राहण्यावर विमान उद्योगानं आधीपासूनच फार विचार केला आहे. डिसेंबर 1978 मध्ये, म्हणजे मुंबईच्या अपघाताच्याच वर्षी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान चाकांच्या दिव्याचा घोळ निस्तरताना इंधन संपून पडलं. इंधन संपत आल्याचं हाताखालच्यांनी सांगितलं होतं, पण पुरेशा जोरात नाही. 1979 मध्ये ‘नासा’नं यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं याचं शिक्षण सुरू झालं. आता जगभर ते सक्तीचं आहे. आपल्याकडे ‘साहेबांना कसं सांगायचं’ ही अडचण शाळेपासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळीकडे आहे. वैमानिकांना ती मुद्दाम, ठरवून मोडायला शिकवावी लागते. त्याचे साचे असतात. आधी दिसतं ते सांगायचं, मग नाव घेऊन सांगायचं, मग उपाय सांगायचा आणि तरीही समोरचा हलला नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हातात घ्यायचं. कनिष्ठ को-पायलटनंही.

आता प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. त्यासाठी मुंबईहून विशाखापट्टणमला निघालेलं एक विमान कल्पनेनं घेऊ. सरळ रेघ ओढली तर ती मांजरसुंब्याच्या आसपासूनच जाते. बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, पण डोक्यावरून विमानं जातातच. समजा, ऑगस्टची रात्र आहे, एअरबस 320 पस्तीस हजार फुटांवर आहे, बालाघाटावर ढग चढलेत आणि विमान त्यांच्या माथ्यातून चाललंय. बाहेर उणे चाळीसच्या खाली. या ढगात पाणी नसतं, बर्फाचे बारीक स्फटिक असतात.

विमानाचा वेग मोजायला नाकाजवळ बोटाएवढ्या नळ्या असतात, पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा त्यांत घुसते, तिच्या दाबातून वेग काढतात. नळ्या तीन असतात: कॅप्टनची, को-पायलटची, राखीव. त्यांना आतून वीज देऊन तापवलेलं असतं. तरी स्फटिक खूप झाले तर नळी काही सेकंद तुंबते. एकीचा वेग एकदम पडतो, दुसरीचा थोड्या वेळानं. संगणकाला तिघांचं जुळत नाही असं दिसतं. मग तो त्याच्या परीनं सगळ्यात प्रामाणिक गोष्ट करतो. ऑटोपायलट सोडून देतो, मोठा अलार्म वाजवतो आणि विमान माणसाच्या हाती देतो.

विमान चालवणारा वैमानिक त्या क्षणी काही खास करत नाही, आणि हेच महत्त्वाचं आहे. पस्तीस हजार फुटांवर सरळ चाललेलं विमान वेगाचा आकडा गेला म्हणून वेग गमावत नाही. पंख तेच, इंजिनांची ताकद तीच, नाकाचा कोन तोच. नाक किती वर आणि ताकद किती, एवढं ठरलेलं असेल तर वेग आपोआप ठरतो. म्हणून पाठ केलेली पहिली ओळ अशी असते: ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट बंद, फ्लाइट डायरेक्टर बंद. म्हणजे खोट्या आकड्यावर चालणारं कोणीही सुकाणूला हात लावायला नको. पुढची ओळ आकड्यांची. विमान धोक्यात आहे असं वाटलं तर एअरबस 320 मध्ये दहा हजार फुटांच्या वर नाक 5 अंश आणि इंजिनं चढाईच्या ताकदीवर. दहा हजारांच्या खाली 10 अंश. उड्डाणाच्या अगदी सुरुवातीला 15 अंश आणि पूर्ण ताकद. बोइंग 737 मध्ये फ्लॅप आत असतील तर 4 अंश आणि 75 टक्के, बाहेर असतील तर 10 अंश आणि 80 टक्के. विमान सावरलं, की पुस्तक उघडायचं आणि वजन-उंचीच्या कोष्टकातून नेमका कोन आणि नेमकी ताकद काढून ठेवायची.

दुसरा वैमानिक तोवर तिन्ही वेग मोठ्यानं वाचतो. उपग्रहावरून मिळणारा जमिनीवरचा वेग आणि उंची पिटो नळीवर अवलंबून नसतात. पडताळायला त्यांचा उपयोग होतो. मग मुंबईच्या नियंत्रकाला सांगायचं. ते आधी सांगत नाहीत; आधी विमान, मग दिशा, मग बोलणं, हा क्रम पहिल्या दिवसापासून अंगात भिनवलेला असतो. पण सांगावं लागतंच, कारण 29 हजार फुटांच्या वर विमानं एकमेकांपासून जेमतेम हजार फूट वर-खाली उडतात आणि उंचीचा भरवसा नसलेलं विमान तिथे चालत नाही. नियंत्रक आजूबाजूची विमानं हलवतो. उतरायचंच ठरलं तर उत्तरेला छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पश्चिमेला पुणे दोनशेच्या आत, मागे मुंबई तीनशेवर. पण बहुतेक वेळा एवढ्यात बर्फ वितळलेलं असतं, तिन्ही आकडे पुन्हा जुळतात, आणि मागे बसलेल्या प्रवाशाला फक्त एवढंच आठवतं, की थोडे धक्के बसले आणि चहा उशिरा आला.

हे सोपं वाटलं ना? 1 जून 2009 च्या पहाटे रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या एअरबस 330 वर अटलांटिकच्या मध्यात नेमकं हेच घडलं. पिटो तुंबल्या, ऑटोपायलट सुटला. एका मिनिटाच्या आत वेगाचे आकडे परत बरोबर झाले. पण त्या मिनिटात कनिष्ठ वैमानिकानं दचकून नाक वर ओढलं आणि ओढतच राहिला. विमानाचा वेग खरोखरच गेला, पंखांना उचल मिळेना. ‘स्टॉल’, ‘स्टॉल’ असा इशारा कित्येकदा वाजला, तरी कोणी नाक पुरेसं खाली केलं नाही. विश्रांतीला गेलेला कॅप्टन धावत आला तेव्हा फार उशीर झाला होता. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत 228 माणसं समुद्रात गेली. रेकॉर्डर सापडायला दोन वर्षं लागली. नळ्यांनी कोणाला मारलं नाही. दचकण्यानं मारलं.

ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट बिघडतात त्यापेक्षा जास्त वेळा ते माणसानं सांगितलेलं तंतोतंत करतात आणि माणसाला वाटतं, आपण दुसरंच सांगितलं होतं. याचं उदाहरणही मुंबईहून निघालेल्या विमानाचंच आहे. 14 फेब्रुवारी 1990 ला इंडियन एअरलाइन्सचं 605 क्रमांकाचं उड्डाण मुंबईहून बंगळूरला पोचत होतं. एअरबस 320 तेव्हा देशात अगदी नवी. आदल्याच वर्षी ताफ्यात आलेली. दुपार, स्वच्छ हवा, धावपट्टी समोर दिसतेय, एकही उपकरण बिघडलेलं नाही. चौकशीत निघालेला सर्वांत संभाव्य निष्कर्ष असा: उतरण्याचा दर मिनिटाला 700 फूट ठेवायचा होता, पण त्याऐवजी शेजारची उंचीची कळ फिरली आणि 700 फूट ही उंची भरली गेली. संगणकानं त्याचा अर्थ, ‘इंजिनं निवांत ठेवून त्या उंचीपर्यंत उतरा’ असा घेतला. वेग 132 नॉटवर राखायचा होता, तो 106 पर्यंत घसरला. 320 ची खोड अशी, की ऑटोथ्रस्ट चालू असताना इंजिनांचे दांडे जागचे हलत नाहीत. त्यामुळे हाताला काहीच कळलं नाही. ताकद वाढवली तेव्हा इंजिनांना फुलायला लागणारी काही सेकंदं शिल्लक नव्हती. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात विमान टेकलं, उसळलं, जळालं. 146 पैकी 92 गेले. नंतर सरकारनं इंडियन एअरलाइन्सची सगळी 320 विमानं काही महिने जमिनीवर ठेवली.

यातून पुढे एक साधी शिस्त आली. कोणतीही कळ फिरवली, की पडद्याच्या वरच्या पट्टीत विमानानं काय ऐकलं ते वाचायचं, मोठ्यानं. कळीकडे बघून नाही, पट्टीकडे बघून. आणि यंत्र काय करतंय हे दोन सेकंदांत कळलं नाही, तर विचारत बसायचं नाही, एक पायरी खाली यायचं. संगणकाच्या मार्गावरून साध्या दिशा-उंचीवर, तिथूनही कळलं नाही तर हातावर.

मग 2018. 28 ऑक्टोबरला इंडोनेशियाच्या लायन एअरचं नवंकोरं बोइंग 737 मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं. वाऱ्याचा कोन मोजणारी एक पाकळी चुकीचं सांगत होती, आणि तिच्या एकटीच्या शब्दावर एक स्वयंचलित यंत्रणा विमानाचं नाक सारखं खाली ढकलत होती. या यंत्रणेबद्दल वैमानिकांना बोइंगनं सांगितलंच नव्हतं. त्या रात्री कॉकपिटमध्ये योगायोगानं तिसरा वैमानिक बसलेला होता. तिघांनी मिळून शेपटीच्या मोटरची दोन बटणं बंद केली आणि बाकीचा प्रवास हातानं चाक फिरवत पुरा केला. विमान सुखरूप उतरलं. पण बिघाडाच्या वहीत त्यांनी जे लिहिलं त्यात बटणं बंद करावी लागली हे आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना मिळालं आणि 189 जण गेले. पाच महिन्यांच्या आत इथियोपियात आणखी 157. मार्च 2019 मध्ये भारतानंही मॅक्स जमिनीवर आणलं. आपल्याकडे ती स्पाइसजेट आणि जेट एअरवेजकडे होती. मूळ दोष बोइंगचाच, त्यात शंका नाही. पण जकार्तात उतरल्यावर त्या वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या गेल्या असत्या तर, हा विचार मनातून जात नाही. बिघाड हाताळणं चाकं टेकल्यावर संपत नाही.

चांगलं हाताळलेल्या घटना पुस्तकांत कमी येतात, कारण त्यांत कोणी मरत नाही. 11 सप्टेंबर 2018 ला एअर इंडियाचं बोइंग 777 दिल्लीहून न्यूयॉर्कला पोचलं. 370 माणसं, चौदा तासांहून जास्त उडून इंधन बेताचं, खाली ढग अगदी जमिनीजवळ. आणि नेमके तेव्हाच धावपट्टीच्या रेडिओ किरणावर उतरवणारे रिसीव्हर गेले, रेडिओ उंचीमापक एकच उरला, टक्कर टाळणारी यंत्रणा गेली, आपोआप उतरण्याची सोय गेली. ढगात धावपट्टी दिसेपर्यंत खाली आणायचे जे नेहमीचे रस्ते, ते बंद. कॅप्टन रुस्तम पालिया यांचं नियंत्रकाशी झालेलं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. त्यात आरडाओरड नाही; काय चालतंय आणि काय चालत नाही याची ओळीनं यादी आहे, आसपासच्या विमानतळांवरच्या ढगांची चौकशी आहे. शेवटी त्यांनी नेवार्कला विमान नेलं आणि विमानाच्या स्वतःच्या संगणकानं आखलेल्या उतारावरून ते उतरवलं. बिघडलेलं काय याच्या मागे न लागता उरलेलं काय यावरून त्यांनी बेत आखला.

21 मे 2025 ला इंडिगोचं दिल्ली-श्रीनगर विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडलं. कोनमापकानं खोटं सांगायला सुरुवात केली, संगणकाची संरक्षणं गळली, वेगाच्या आकड्यांचा भरवसा उरला नाही, ऑटोपायलट सुटला, एका क्षणी विमान मिनिटाला साडेआठ हजार फुटांच्या वेगानं खाली येत होतं. 220 हून अधिक माणसं होती. वैमानिकांनी ते हातानं वादळाबाहेर काढलं, चेकलिस्ट पुऱ्या केल्या आणि श्रीनगरला उतरवलं. नाकाचा पुढचा भाग फुटला होता. जखमी कोणीच नाही.

हातानं काढलं, हे वाक्य लिहायला सोपं आहे. आजचा वैमानिक एका उड्डाणात काही मिनिटंच प्रत्यक्ष विमान हातात धरतो. बाकी सगळं ऑटोपायलट. कंपन्यांनाही तेच हवं असतं, कारण यंत्र इंधन वाचवतं आणि प्रवाशांना धक्के कमी बसतात. मग ऐन वादळात एकदम हातात विमान आलं, की ते हात गंजलेले असण्याची भीती. 2013 च्या जानेवारीत अमेरिकेच्या विमान प्रशासनानं कंपन्यांना लेखी सांगितलं, की हवा चांगली असेल तेव्हा वैमानिकांना हातानं उडवू द्या. आपल्याकडे वर्षातून दोनदा प्रत्येक वैमानिकाची सिम्युलेटरमध्ये परीक्षा होते. तिथे तबकड्या मुद्दाम खोट्या केल्या जातात, वेगाचे आकडे पळवले जातात, आणि पास न झालेला माणूस पुन्हा पास होईपर्यंत उडत नाही. राखीव क्षितिज आता मुख्य संगणकांपासून वेगळं असतं आणि मुख्य वीज गेली तरी बॅटरीवर चालतं. 1978 मध्येही ते मधोमध होतंच. फरक पडला आहे तो त्याच्याकडे बघायचं शिक्षण सक्तीचं झाल्यामुळे.

मला विचाराल तर डाव्या-उजव्या दोन्ही आसनांवर माणूस असण्याचा आग्रह अजून काही दशकं तरी सोडू नये. खर्च वाचवण्यासाठी कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवण्याची चर्चा युरोपात अधूनमधून होते. वांद्र्यासमोर त्या रात्री तिघे होते आणि तरी पुरले नाहीत, हे खरं. पण तिसऱ्यानं चुकीच्या तबकडीबद्दल सावध केलं होतं, हेही तितकंच खरं. त्याला आणखी वीस सेकंद मिळायला हवी होती.

तुमच्या विमानानं हवेतून परत फिरून ‘तांत्रिक कारण’ सांगितलं, तर जेवण, हॉटेल आणि तिकिटाच्या पैशांसाठी काउंटरवर खुशाल भांडा, तो तुमचा हक्क आहे. परत का फिरवलं, म्हणून मात्र वैमानिकाशी भांडू नका.